तुझ्या वाटीतली डाळ

प्रिय उन्नती,

तू देवेशदादाकडे राहायला गेल्यापासून तुझा फोन तोच उचलतो, म्हणून लिहिते आहे. शेजारची सुरैया राहनाळच्या गोदामात तुझ्याच शिफ्टला असते, तिच्या हाती हे देते. जेवणाच्या सुट्टीत वाच. दादाच्या घरी नेऊ नकोस.

नव्या डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मराठी पत्रक मी तीनदा वाचलं. तुझ्याच पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकले, त्यामुळे वेळ लागतो. तुला ऑटिझम आहे, जन्मापासूनच, आणि वेड कधी नव्हतंच. इथे नारपोलीत शुक्रवारी सुट्टीला कापडाचे खडखडणारे लूम बंद झाले की तू बेचैन व्हायचीस, लोक हसायचे. तुझे बाबा म्हणायचे, पोरीला शांतता टोचते. त्यांना कळलं होतं. ते गेले आणि तू बोलणंच टाकलंस. पंधरा वर्षांची होतीस. मग इस्पितळ, गोळ्या, चौदा वर्षं.

पत्रकात लिहिलंय, अशा काही माणसांना चवीतला बारीक फरकही कळतो. तिथे माझं बोट थांबलं.

तू गोळी थुंकायचीस, म्हणून मी ती पाट्यावर वाटून तुझ्या वाटीतल्या डाळीत घालायचे. तू म्हणायचीस, "आई, डाळ कडू हाय." मी म्हणायचे, "न्हाय गं, तुझ्या मनाचं हाय." आणि जुन्या डॉक्टरांना सांगायचे, जेवणात कोणी काही घालतंय असा हिला संशय येतो. घालणारी मीच, हे सांगायची लाज वाटली. त्यांनी गोळ्या वाढवल्या. मी गूळ वाढवला. तुझे हात थरथरू लागले, आणि एक दिवस तू मुकाट्याने सगळी वाटी संपवलीस. आता नव्या बाईंना तूच सांगतेस, मला कडू चवीचे भास व्हायचे.

बाई गोळी हळूहळू कमी करताहेत. दादाला ते पटलेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या मेव्हणीची हळद त्याच्याच दारात आहे, डीजे वाजणार, तू पाहुण्यांसमोर ओरडशील अशी त्याला धास्ती.

काल त्याचा फोन आला. माझी चौकशी केली नाही. एवढंच विचारलं, "आई, तू गोळी डाळीत कशी मिसळायचीस?" मी फोन ठेवला. पण त्या दिवसांत त्याने मला पाट्यावर गोळी वाटताना पाहिलंय.

सोमवारी हे पत्र डॉक्टरीणबाईंना दाखव. भास नव्हता, उन्नती. डाळ कडूच होती. तोवर त्या घरी पुन्हा कडू लागली, तर कोणी काहीही सांगो, ताटावरून ऊठ आणि सुरैयाबरोबर इकडे ये. स्वयंपाक तू कर. तू वाढशील ते मी खाईन.

तुझीच, तुला चौदा वर्षं खोटी ठरवणारी,
आई