केकात कांदा

२ ऑगस्ट, वेरिबी

आजही पोटात काही ठरलं नाही. सकाळी पेज, दुपारी टोस्ट — दोन्ही बेसिनात. पाचवा महिना सरत आला तरी ईशानीच्या उलट्या थांबत नाहीत. वजन आणखी उतरलं तर अ‍ॅडमिट करून सलाइन लावू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि माझं पुण्याचं तिकीट एकोणतीसचं, त्यापुढे व्हिसा नाही. लेकीच्या बाळंतपणाला मी नसणार. निदान तिच्या तोंडाला चव आणून जावं, एवढंच मागणं आहे.

संध्याकाळी आपणहून बोलली. "आई, ओफाम खावासा वाटतोय." लग्नानंतर घानाला गेली तेव्हा सासूने केला होता म्हणे. पिकल्या केळ्यांचा तिखट केक. डोहाळे लागले तेही सासरचे! घ्या.

४ ऑगस्ट

कोफीने, म्हणजे आमच्या जावईबापूंनी, आफ्रिकन दुकानातून भाजीसारखी शिजवायची ती केळी आणली. लाटण्याएवढी लांब, हिरवीगार. घानात, कुमासीला विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. अफुआ त्यांचं नाव, पण विहिणीला नावाने हाक मारायला जीभ रेटत नाही. केळी बघून हसल्या. आधी काळी होऊ द्या म्हणाल्या. इथे ऑगस्टात ऐन हिवाळा, ह्या थंडीत कशी व्हायची? तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली.

९ ऑगस्ट

पिवळी झाली, ठिपके आले. मला कुठला धीर! केला. आलं, मिरची, लवंग, ते लालभडक पाम तेल — सगळं सांगितल्याबरहुकूम. कांदा तेवढा वगळला. केकात कांदा कुणी घालतं का! वर आपली चमचाभर वेलची.

ईशानीने एक घास घेऊन ताटली सरकवली. "हा शिरा झालाय, आई."

विहीणबाईंनी फोनवर तुकडा पाहिला. कांदा कुठाय, विचारलं. मी वेलचीची डबी पुढे केली. "थ्रो इट, माय सिस्टर. अगेन."

अन्न टाकून दे म्हणे! वरमाई ती वरमाई, कुमासीची असली म्हणून काय झालं. नाही टाकला. चहाबरोबर एकटीने संपवतेय. पाय भरून आलेत.

११ ऑगस्ट

नुसती पेज. अर्धा किलो उतरलं.

१६ ऑगस्ट

दुसरी खेप. केळी बरीच काळी होती, कांदाही किसून घातला, नाक ओढत. तरी आतून गिच्च राहिला. "अगेन."

आता दिवसातून दोनदा विहीणबाईंचा फोन असतो. ईशानीने काय खाल्लं? भात इतका मऊ का? डाळीवर ते गरम काय ओततेस? त्यातल्या काळ्या बिया कसल्या? माझा स्वयंपाक तपासतायत! मुलगी दिली की विहिणीचं ऐकून घ्यायचं, हे अंगवळणी पडलेलं आहे. पण इतकं? कोफीला म्हटलं, तुझ्या आईला सांग, मी दमले. तर म्हणे, "शी लाइक्स यू, आई." डोंबल!

२१ ऑगस्ट

आज डब्यातून केळी काढली तर पार कोळसा. साल ओलसर, वास आंबूस. पुण्यात असते तर न बघता कचऱ्यात गेली असती. विहीणबाई मात्र टाळ्या वाजवायला लागल्या.

ओव्हनचा वास घरभर झाला. ईशानी अंथरुणातून उठून ओट्यापाशी येऊन उभी. गरम तुकडा, वर भाजलेले शेंगदाणे. दोन तुकडे खाल्लेन. मी आपली बेसिनकडे डोळे लावून बसले. तास गेला, काही नाही. मग तिसरा मागितला.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२६ ऑगस्ट

वजन चढलं. बॅगा भरतेय. आनंद व्हायला हवा, पण नुसता थकवा आहे. ओफाम कोफीला शिकवून ठेवला. त्याचं काय एवढं! पण बाळंतिणीला मऊ भात लागेल, वरण लागेल, तूप लागेल. तिच्या ताटात ते कोण वाढणार? कोफीच्या शिफ्टा. हा घोर काही मनातून जात नाही.

२८ ऑगस्ट

विहीणबाईंचा फोन. त्यांना व्हिसा मिळाला, नोव्हेंबरात येतायत. अर्ज केलाय हे मला माहीतच नव्हतं!

मग त्यांनी फोन गॅसकडे वळवला. पातेल्यात तुरीचं वरण, वर जळून खाक झालेली मोहरी. चौथ्यांदा केलंय म्हणाल्या. "फॉर अवर डॉटर. इज इट गुड?"

मी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ धरला.

"थ्रो इट, अफुआ," मी म्हटलं. "अगेन."