प्रार्थनेच्या वेळी बंद ठेवलेलं दार

मी, ओझेला बॅस्कम, वय वर्षे एक्याऐंशी, कै. रूफस बॅस्कम यांची पत्नी, पूर्वीचा धंदा इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीकाम, सध्याचा धंदा चर्चच्या दाराशी उभं राहणं, राहणार पश्चिम बाल्टिमोर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून किंवा धाकदपटशाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पायांचा दाखला मिळत नाही. ते मला एका जागी बसू देत नाहीत, म्हणून हा कागद तीन दिवस चालला आहे. माझ्या वकीलबाई इमानी क्रूज म्हणाल्या, "मिस ओझेला, शांत बसून मनात येईल ते लिहा. मी नंतर कायद्याच्या भाषेत बसवते." इमानी, बसवू नका. तेहतीस वर्षांत मी कुणाला सांगितली नाही अशी एक गोष्ट यात आहे, आणि ती माझ्याच शब्दांत राहायला हवी.

यापूर्वी केलेली दोन मृत्युपत्रं मी रद्द करते. त्या दोन्हींत माझं घर माझा पुतण्या लिनवुड याच्या नावे होतं. लिनवुड, वाचायच्या आधी खाली बस.

कलम पहिलं. अंत्यविधी आमच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये व्हावा. अंगावर दारसेविकेचा पांढरा गणवेश घालावा. कडक इस्त्री करावी. सैल कॉलर मी आयुष्यभर खपवून घेतली नाही, मेल्यावरही घेणार नाही. प्रार्थना चर्चचे कारभारी डीकन हर्शेल प्रॉक्टर यांनी करू नये. वयाची नव्वदी गाठली तरी त्यांना 'आमेन' सापडत नाही. नोहापासून निघतात आणि गव्हर्नरपर्यंत येऊन पोहोचतात. त्यांचा माझ्यावर लोभ आहे हे मला ठाऊक आहे, तरीही नको. कारण कलम चारमध्ये आहे.

कलम दुसरं. माझी गाडी आणि रूफसची वेल्डिंगची सगळी हत्यारं लिनवुडला द्यावीत. लिनवुड वाईट माणूस नाही. दर ईस्टरला फोन करतो. पण गेल्या उन्हाळ्यात तो आला, माझ्या स्वयंपाकघराची भिंत बोटांनी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "काकू, ही भिंत पाडली ना, तर इथे एक झकास मोठी खोली होईल." मी त्या भिंतीला टेकूनच उभी होते.

कलम तिसरं. बँकेत जे काही उरेल ते चर्चच्या तळघरातल्या दुपारच्या जेवणासाठी आहे. तिथे कुणीही यावं आणि जेवावं, नाव विचारू नये. पास्टर बॉईड यांनी त्यातून नवा गालिचा घेऊ नये. जुन्या गालिच्यावर गुडघे टेकलेल्या माणसांची कधी तक्रार नव्हती.

इथे मी उठले. दार लावलंय का ते पाहिलं. लावलेलं होतं. पुन्हा जाऊन पाहिलं.

कलम चौथं. माझं राहतं घर, तीन मजली, विटांचं, दर्शनी बाजूस संगमरवराच्या चार पायऱ्या. पूर्वेस फळ्या ठोकून बंद केलेलं रिकामं घर, पश्चिमेस मिसेस ओडम यांचं घर, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस मागची बोळ. आतल्या सामानासकट, माझ्या पश्चात डेल्फीन स्टोक्स हिच्या संपूर्ण मालकीचं होईल. लिनवुडने किंवा इतर कुणी हरकत घेऊ नये. डेल्फीन माझी नात्याची कुणी नाही. चोवीस वर्षं ती चर्चच्या दाराच्या एका बाजूला उभी असते आणि मी दुसऱ्या. ती अजून भाड्याच्या खोलीत राहते आणि मालक बदलला की तिच्या छातीत धडधडतं. या घरावर तिचा हक्क का आहे, हे तिला माहीत नाही. मी गेल्यानंतर इमानी क्रूज यांनी पुढचा मजकूर तिला वाचून दाखवावा. जिवंतपणी तिच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सन एकोणीसशे शहाऐंशीचा मार्च महिना. चर्चमध्ये आठवडाभर दुपारच्या सभा होत्या. बुधवारी डीकन प्रॉक्टर प्रार्थनेला उभे राहिले. आमचा नियम असा, की प्रार्थना चालू असताना कुणी चालायचं नाही, कुणाला आत सोडायचं नाही. दारसेविकेने पांढरा हातमोजा घातलेला हात वर केला की पास्टरसुद्धा जागच्या जागी थांबतात. मला त्या हाताचा अभिमान होता. लाँड्रीत दिवसभर लोक मला हुकूम सोडायचे. इथे मी न बोलता दीडशे माणसं थांबवत होते.

दाराच्या काचेपलीकडे एक तरुण मुलगी आली. ओव्हरकोटाखाली घरातला झगा, पायांत सपाता. आमच्या चर्चची नव्हती. तिने दार ढकललं, मी हात वर केला. तिने काचेवर बोटं वाजवली, मी ओठांवर बोट ठेवलं. ती रस्त्याकडे हात करून काहीतरी सांगत होती. ओठ हलताना दिसत होते. मी मान फिरवली आणि डोळे मिटले, कारण प्रार्थना चालू होती. बावीस मिनिटांनी आमेन झालं. दार उघडलं तेव्हा पायऱ्यांवर कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावर एका कपाटाचे नुसते खण पडलेले दिसले. आत काही नाही. शेजारची एक बाई झाडू घेऊन उभी होती. तिने सांगितलं, की भाडं थकलेल्या एका भाडेकरणीचं सामान कोर्टाच्या माणसांनी दुपारी बाहेर काढून ठेवलं होतं. "एकटी पोर. शिवणाचं मशीन होतं, त्यावर पोट होतं बिचारीचं. चार माणसं आणते म्हणून चर्चकडे पळाली. ती येईपर्यंत लोकांनी सगळं उचलून नेलं."

"चर्चमधून कुणी आलं नाही?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"म्हणाली, चर्च बंद होतं."

चर्च बंद नव्हतं. आत दीडशे माणसं होती, त्यातले निदान चाळीस धडधाकट पुरुष होते आणि ते गुडघे टेकून रंजल्यागांजल्यांसाठी देवाकडे मदत मागत होते. मला लाज वाटली. अजून वाटते. त्या दिवसापासून माझे पाय एका जागी ठरत नाहीत.

पुढचं सगळ्या शहराला माहीत आहे, फक्त कारण माहीत नाही. कुणाचं सामान रस्त्यावर आलं की आमचं दारसेविकांचं मंडळ तिथे जातं. पांढरे गणवेश, पांढरे हातमोजे, सामानाच्या चार कोपऱ्यांना चौघी उभ्या. घरमालकाशी भांडत नाही, कोर्टाच्या माणसांना अडवत नाही. फक्त सामान राखतो, ट्रक येईपर्यंत. ज्याचं सामान त्याला त्याच्याच खुर्चीत बसवतो आणि हातात पंखा देतो, कारण तेवढा मान माणसाला मिळायला हवा. पहिली पाळी मिस्टर लाइल्स नावाच्या म्हाताऱ्यासाठी होती. एकजण हातगाडी घेऊन आला.

"मॅडम, हा दिवा टाकलेला आहे ना?"

"टाकलेला नाही. मालक बसलेत खुर्चीत. दिसत नाहीत?"

"मग तुम्ही कोण? नर्स?"

"आम्ही चर्चच्या."

"चर्च तर तिकडे आहे."

"आज इकडे आहे," मी म्हटलं. तो डोकं खाजवत उभा राहिला आणि मग त्यानेच हातगाडीवरून मिस्टर लाइल्सचा पलंग नेऊन दिला.

लोकांनी मला मदर म्हणायला सुरुवात केली. सन्मानाच्या पाट्या दिल्या, हार घातले. दर वेळी सांगावंसं वाटलं आणि दर वेळी मी हार घालून घेतला.

पंचाण्णव साली डेल्फीन आमच्या चर्चमध्ये आली. तिने उठून साक्ष दिली: "एकदा माझं सगळं रस्त्यावर गेलं होतं. नऊ वर्षं बहिणीकडे नॉरफोकला काढली. आता या गल्लीत परत आले आहे." दाराबद्दल ती बोलली नाही. मी तिचे ओठ हलताना पाहिले आणि ओळखलं. पुढच्या महिन्यात ती दारसेविका झाली. तिला हात वर कसा करायचा हे मी शिकवलं. याहून वाईट मी काही केलं असेल तर मला आठवत नाही.

कलम पाचवं. मंडळाला माझी शेवटची सूचना. प्रार्थनेच्या वेळी दार उघडं ठेवावं. हे मला केव्हाच करता आलं असतं. पण नियम बदलला असता तर कुणीतरी विचारलं असतं, का? त्या एका प्रश्नाला मी घाबरले.

कलम सहावं. चोवीस जोड्या पांढरे हातमोजे मंडळातल्या नव्या मुलींना द्यावेत.

इथवर बुधवारी लिहून झालं होतं. आज गुरुवार. सकाळी अकराला डेल्फीन दाराशी उभी, रविवारचा कोट घालून. इमानीच्या कचेरीतल्या नव्या मुलीने तिला फोन केला होता.

"मदर, सहीला दोन माणसं पाहिजेत म्हणे. चष्मा आणलाय. कुठे करू सांगा."

"तुझी सही चालणार नाही."

"का? माझं अक्षर एवढं वाईट आहे?"

"ज्याला काही मिळणार असेल त्याने साक्षीदार होऊ नये, असं आहे."

"अगंबाई! म्हणजे मला मिळतंय काहीतरी!" ती हसायला लागली. "काय, ती खालची मोठी कढई? कधीपासून डोळा आहे माझा तिच्यावर."

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. तिने टेबलावरचे कागद हातात घेतले आणि मी तिला थांबवलं नाही. तिने उभ्याउभ्याच वाचलं. मी स्वयंपाकघरातून पुढच्या दारापर्यंत आणि परत, अशा फेऱ्या घालत राहिले.

"बसा," ती म्हणाली. मी बसले.

"मला माहीत होतं, मदर."

"काय माहीत होतं?"

"दाराशी कोण होतं ते. परत आले त्याच रविवारी ओळखलं मी तुम्हाला."

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? दार मी धरलं होतं? चोवीस वर्षं तुमच्या शेजारी उभी राहिले. म्हटलं, आज सांगतील. ईस्टरला सांगतील. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी तरी सांगतील. इस्पितळात सूप घेऊन बसले होते तुमच्या उशाशी, रडकुंडीला आला होतात. म्हटलं, आता सांगणार. तर काय म्हणालात? मीठ कमी आहे!"

मीठ खरंच कमी होतं, पण आज ते बोलायची वेळ नव्हती.

"आणि आता हे. तुम्ही मरणार, मग ती वकीलबाई मला खुर्चीत बसवून वाचून दाखवणार! मी भांडायचं कुणाशी मग? इमानीशी? तुमच्या थडग्याशी?"

"डेल्फीन, माझं चुकलं. मला माफ कर."

तिने कागद सरळ करून टेबलावर ठेवले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"घर मी घेणार. मला घर पाहिजे, त्यात लाजायचं काय? पण माफीचं विचारू नका. ती घराच्या बदल्यात मिळत नाही. अजून तर मी धड रागावलेसुद्धा नाही."

ती दार आपटून गेली.

सबब, वरील कलमांत पुढीलप्रमाणे दुरुस्ती करते. कलम पाच माझ्या मरणाची वाट न पाहता येत्या रविवारपासून लागू होईल, आणि का, ते मी स्वतः उभी राहून सगळ्यांना सांगेन. कलम चारमधलं 'मी गेल्यानंतर वाचून दाखवावा' हे वाक्य रद्द. घर डेल्फीनचंच. ते घेऊन तिने मला माफ केलं असा अर्थ कुणी काढू नये, कोर्टानेही नाही.

दुपारी तिचा फोन आला. उद्या सकाळी दहाला ती भांडायला येणार आहे, परवाही येईल, आणि तिचं बोलून संपेपर्यंत मी मरायचं नाही असं तिने बजावलं आहे. ही अट मी शुद्धीत आणि राजीखुशीने मान्य केली आहे.

लिहून ठेवणार: ओझेला बॅस्कम (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली. सही करताना त्या उभ्या होत्या. आम्हा दोघांनाही यातलं काही मिळणार नाही.

साक्षीदार: १. टेरेसा ओडम, शेजारीण (सही)
२. कर्टिस व्हीटली, टपालवाले (सही)

ठिकाण: बाल्टिमोर, मेरीलँड
तारीख: १७ ऑक्टोबर २०१९, गुरुवार