दाराखालची दहा भोकं

बाबा, आपली गाडी यंदा तपासणीत नापास झाली. तुम्ही न्युरेम्बर्गला आमच्याकडे आला होतात तेव्हा जिच्याखाली दोन शनिवार आडवे पडून होतात, तीच ही गाडी. तेव्हा ती दोन वर्षांची होती, आता पंधरा वर्षांची आहे. इथे दर दोन वर्षांनी गाडी दाखवून पास करून घ्यावी लागते. या वेळी तपासणाऱ्या माणसाने डाव्या दाराखालच्या पोकळ पट्टीवर स्क्रूड्रायव्हरने सहज टकटक केलं आणि स्क्रूड्रायव्हरच आत गेला, चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, एक महिना आहे तुमच्याकडे, पत्रा बदलून आणा, नाहीतर गाडी रस्त्यावरून काढा.

तुमच्या जावयांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तो कागद घडी करून खिशात ठेवला. तो पुण्याचा, कॉम्प्युटरवर पोट असलेला माणूस. लग्नाआधी त्याने पाना हातात धरला नव्हता. पण या गाडीवर त्याचा जीव आहे, आणि त्याचं कारण तुम्ही आहात. आम्ही तिला आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने गाडी वर उचलली, टॉर्च मारला आणि त्या पट्टीच्या तळाशी नखाने खरवडायला लागला. काळा, रबरासारखा थर सोलून निघाला आणि आतून तपकिरी पाणी त्याच्या बाहीवर आलं. तो म्हणाला, "इथे पाणी निघून जायला भोकं असतात. एका बाजूला पाच. ही कोणी बुजवली?" मी तोंड उघडायच्या आत तुमचे जावई म्हणाले, "मीच. चुकून." म्हातारा हसला. "बाहेरून काम फार सुंदर केलंय. एक जागा सोडली नाही. आणि नेमकी म्हणूनच ती आतून सडली."

बाबा, ते सुंदर काम माझं होतं. गेली पाच वर्षं दर ऑक्टोबरमध्ये मी ते करत आले.

घरी येताना माझा नवरा म्हणाला, "चूक माझीच आहे. बाबांनी मला बजावून सांगितलं होतं, भोकं मोकळी ठेवा म्हणून. मी तुला फोनवर सांगायला लागलो आणि लाइन कट झाली. आईच्या हॉस्पिटलच्या धावपळीत परत फोन करायचा राहून गेला." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग तो म्हणाला, "शुक्रवारी भंगारवाल्याला फोन करतो. मला ही गाडी आता बघवत नाही." लेक मागच्या सीटवर होती. ती जर्मनमध्ये म्हणाली, की तिच्या वर्गात कोणाच्याच आईबाबांकडे इतकी जुनी गाडी नाही. त्यावर नेहमी तो तिला तुमची गोष्ट सांगतो. त्या दिवशी नाही सांगितली.

हे आधी तुम्हाला लिहितेय, कारण याची सुरुवात तुमच्यापासून होते असं मी इतकी वर्षं मानत आले. आपलं गॅरेज रत्नागिरीत बंदराच्या रस्त्याला होतं. मासळीचे टेम्पो यायचे, बर्फ वितळून खारं पाणी दिवसरात्र चॅसीवर ठिबकायचं, आणि मुंबईच्या गाड्यांना दहा वर्षांत जेवढा गंज धरतो तेवढा या टेम्पोंना दोन वर्षांत धरायचा. मे महिन्यात तुम्ही पत्रा तारेच्या ब्रशने घासायचात आणि जळकं ऑइल नि ग्रीस डब्यात गरम करून खालून फासायचात. मी दहा वर्षांची असेन. तुमचा जेवणाचा डबा घेऊन आले होते. तुम्ही हात धुवायला गेलात तेवढ्यात ब्रश घेऊन मी एका टेम्पोखाली सरकले. अजून मला तो वास येतो, मासळीचा आणि तेलाचा एकत्र. वर काळं छत, त्यातून थेंब पडतायत, आणि मी घासतेय. मग तुमचे पाय दिसतात. "भायेर ये." मी बाहेर येते. तुम्ही माझ्या फ्रॉककडे बघता. "हे तुझं काम नव्हे गो. घरी जा, अभ्यास कर." तुम्ही ओरडला नव्हतात. ओरडला असतात तर बरं झालं असतं, मी रडून मोकळी झाले असते. मी घरी गेले आणि अभ्यास केला. इतका केला की इथवर पोचले. आज एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हे माझं काम आहे.

आणि मग तुम्ही इथे आलात. ऑक्टोबरचा शेवट होता. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने सांगितलं, की बर्फ पडला की रस्त्यांवर मीठ टाकतात. तुम्ही थक्क झालात. "मीठ? स्वतःच्या हातांनी?" दुसऱ्या दिवशी तुम्ही वाकून गाडीच्या पोटाकडे बघत होतात. इथे जळकं ऑइल चालत नाही, जमिनीत थेंब गेला तरी गुन्हा, हे तुम्हाला पटवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी गंज धरू नये म्हणून पत्र्याला मारतात त्या मेणाचे डबे आणले, अंगणात ताडपत्री अंथरली, गाडीची पुढची चाकं उतरत्या पाटांवर चढवली. आणि तुम्ही माझ्या नवऱ्याला म्हणालात, "चला जावई, आडवे व्हा." मी पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. लेक दीड वर्षाची, झोपलेली. गाडीखालून चार पाय बाहेर आलेले, दोन तुमचे, दोन त्याचे. मधेच तुमचं हसणं. जे मला दहाव्या वर्षी हवं होतं ते तुम्ही त्याला दोन शनिवारांत देऊन टाकलंत. जाताना बॅगेतून तुमची लाकडी मुठीची दाभण काढलीत आणि त्याच्या हातात ठेवलीत. मला आंबोळीचं पीठ आणि साडी.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्यालाही अकरा वर्षं झाली. पण दर ऑक्टोबरमध्ये तुम्ही आमच्या घरी येत राहिलात, ते त्याच्याकडे. तो तुमच्यासारखाच बोटांच्या सांध्यांनी पत्रा वाजवून बघायचा. "पत्र्याला घाम येतो," हे तुमचं वाक्य तो तुमच्या हेलात म्हणायचा, आणि तो हेल माझा आहे, बाबा, त्याचा नाही. इथल्या मराठी मंडळातले लोक त्याला विचारत, कुठे शिकलास रे हे, आणि तो म्हणे, "माझ्या सासऱ्यांकडे." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत, आणि मी भजी पुढे करत असे. मला त्याचा हेवा वाटत होता. हे साधं वाक्य लिहायला मला तेरा वर्षं लागली. आपल्या माणसाचा, तोही वडील गेल्यानंतर वडिलांवरून हेवा करणं इतकं लाजिरवाणं आहे की रोज लिहिते त्या वहीतसुद्धा मी त्याला दुसरी नावं देत आले. दमणूक. थंडी. दिवस लवकर मावळतो त्याचा त्रास.

पाच वर्षांपूर्वी त्याची आई पुण्यात हॉस्पिटलमध्ये होती. तो तिकडे, इथे पहिला बर्फ येऊ घातलेला. मी ठरवलं, मीच करते. गाडी वर उचलायची लिफ्ट तासांवर भाड्याने मिळते असं एक वर्कशॉप शहराबाहेर आहे, तिथे गेले. मेण नको वाटलं, त्याच्यापेक्षा भारी काहीतरी करायचं होतं. म्हणून सुकून रबरासारखा घट्ट होणारा काळा लेप घेतला. डबा उघडायला त्याच्या पेटीतली दाभण वापरली. मग दाराखालच्या पट्टीत भोकं दिसली, दोन्ही बाजूंना मिळून दहा. मला वाटलं, याच्या हातून राहून गेलेली दिसतात. मनात किती बरं वाटलं ते मला आठवतं. तेवढ्यात त्याचा फोन आला. "करते आहेस ना? एक गोष्ट लक्षात ठेव, बाबांनी मला..." मी म्हटलं, "मी गॅरेजवाल्याची मुलगी आहे. मला नको शिकवूस." "अगं, ऐक तरी, खालच्या पट्टीला..." आणि मी फोन ठेवला. मग दहाही भोकं बोटाने दाबून दाबून बुजवली, कडा नीट गुळगुळीत केल्या. तो परतला तो पाठ धरूनच, हॉस्पिटलच्या खुर्चीवर झोपून झोपून. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली. काम माझ्याकडे आलं आणि राहिलं. न वाकता कडेने दिसलं तेवढं माझं काम बघून त्याने तुमच्या हेलात "फर्मास" म्हटलं होतं.

त्याला अजून वाटत होतं की लाइन कट झाली. आणि त्या दिवशी घरी येताना गाडीत तो स्वतःला दोष देत होता, तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहिते, नाहीतर या पत्राला अर्थ नाही. मनात आलं, म्हणजे बाबांचा शिष्यही चुकला तर. क्षणभर खरंच छान वाटलं. मग गाडीच्या आरशात त्याचा चेहरा दिसला.

तीन दिवस मी गप्प होते. गुरुवारी सकाळी तो भंगारवाल्याचा नंबर शोधत होता तेव्हा सांगितलं.

"लाइन कट झाली नव्हती. मी फोन ठेवला होता."

तो बघत राहिला. "का?"

"बाबांचं काहीतरी तुला माहीत आहे आणि मला नाही, हे तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं."

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता रागावेल, आणि रागावला असता तर ते योग्यच होतं. "पाच वर्षं," तो म्हणाला. "आणि तिथे वेल्डिंगवाल्यासमोर मी तुझं नाव येऊ दिलं नाही."

"हो."

"अगं, ते दोन शनिवार मी काय शिकलो माहितीये? अहो जावई, अहो जावई करत ते मला झापत होते. अर्धं मला कळलंच नाही, सगळं तुमच्या रत्नागिरीचं. ती दाभण कशाला दिली विचारलं, तर म्हणाले, मेण मारून झालं की दहाही भोकांत घालून बघा, तुमच्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही." मग तो हसला, पण पूर्ण नाही. दुपारी त्याने फोन केला, भंगारवाल्याला नव्हे, वेल्डिंगवाल्याला. नवा पत्रा बसला की मेण मीच मारणार आहे. तो स्टुलावर बसून सांगणार आहे आणि मी ऐकून घेणार आहे, असं ठरलंय.

हे पत्र वहीतून फाडून गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवावं असं वाटलं होतं. पण फाइल त्याच्या हातात पडते, आणि एक गोष्ट मी त्यालाही सांगितलेली नाही. त्या पहिल्या शनिवारी तुम्ही गाडीखालून बाहेर आला होतात. हात मेणाने माखलेले. वर खिडकीकडे बघून म्हणाला होतात, "येतेस काय गो बघायला? ये." मला नीट ऐकू आलं होतं. मी म्हटलं, चहा टाकलाय. तुम्ही थोडा वेळ तसेच उभे राहिलात, मग पुन्हा गाडीखाली गेलात. चहा टाकलेला नव्हता, बाबा. मी भांडंसुद्धा काढलं नव्हतं.