डावी बाजू

६ नोव्हेंबर, गुरुवार

मितूनं आज पहिल्यांदा गाडी हलवली. भोसरी एमआयडीसीत. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी — फाटकं बंद, रस्ते रिकामे. अर्ध्या गावाची पोरं इथंच शिकतात. लाल ‘एल’ लावलेल्या गाड्या, शेजारी घामेजलेले बाप.

आमच्या गाडीत धम्मपाल डावीकडच्या सीटवर, मी मागं. एरवी चाकणला कंपनीची शिफ्टबस नेणारा माणूस, पण शिकवतो हळू आवाजात. चौकात तिनं उजवीकडे बघायचं, डावी बाजू तो सांगणार. ‘मोकळं. घे.’

गाडी सारखी बंद पडत होती. मितू म्हणाली, ‘पप्पा, बसमध्ये तुमच्यावर कुणी असं ओरडतं का?’ तो म्हणाला, ओरडलो कुठं? खरंच ओरडला नव्हता.

९ नोव्हेंबर

पार्किंगमध्ये गाडीचा डावा आरसा खांबाला घासला. चालवत धम्मपाल होता. खांब नवीन उभा केलाय का, म्हणाला. खांब जुनाच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार



एका कंपनीनं आजची सुट्टी बदलून घेतली होती. आम्हाला काय ठाऊक! जेवायच्या वेळेला तिचं फाटक उघडलं. कोपऱ्यावर धम्मपाल म्हणाला, ‘मोकळं. घे.’ मितूनं ब्रेक दाबला. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

‘थांबलीस का? मोकळं म्हटलं ना!’

तिनं पाय ब्रेकवरच ठेवला. डावीकडून एक सायकलवाला आला. हँडलला डबा. बॉनेटच्या अगदी जवळून गेला.

तो काचेच्या मधोमध आला तेव्हा धम्मपाल दचकला. तोवर नाही.

परत येताना गाडी त्यानंच घेतली. रावेतला घरी पोचेपर्यंत मी डावीकडे बघत होते. मितूही.

१४ नोव्हेंबर

मितूनं सकाळी त्याच्या डाव्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला. मुद्दाम. त्यानं पाणी मागितलं. ठेवलंय की, म्हणाली. तो टेबलावर चाचपडला आणि पेला सांडला.

फरशी पुसताना तिनं मला विचारलं,

‘मम्मी, बसचं दार डावीकडेच असतं ना?’

१५ नोव्हेंबर

त्याच्याशी बोलले. डोळे दाखवू या म्हटलं. आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाला, दाखवले की कागदावर येतं, कागदावर आलं की स्टिअरिंग गेलं. सगळे स्टॉप पाठ आहेत मला, कासारवाडीला कोण कुठं उभं असतं तेसुद्धा.

‘आणि उद्या दुसराच कुणी उभा असला तर?’

ताट सरकवून उठला.

१७ नोव्हेंबर

गेला. पहिली शिफ्ट. युनिफॉर्मला इस्त्री मीच केली.

१८ नोव्हेंबर

वर्गात कविता शिकवत होते. एक ओळ दोनदा वाचली. मुली माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. डोळ्यांपुढे बसचं दार. खाली उभी माणसं, एक पाय पायरीवर.

कॉलेजच्या जिन्यात उभी राहून सोपानरावांना फोन केला. बस त्यांच्या मालकीची, कंपनीला भाड्यानं लावलेली. सगळं सांगितलं.

‘वहिनी, माणूस सोन्यासारखा हाय. पण गाडी भरलेली असती. तपासणी होईस्तोवर दुसरा नेईल. तुमचं नाव न्हाई घेणार मी.’

आभार मानले. कशाचे, कळलं नाही.

१९ नोव्हेंबर

दुपारीच घरी आला. बूट काढले नाहीत. सोफ्यावर बसून राहिला. ‘मालक म्हणाला, घरातनंच कळलं,’ एवढंच बोलला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

२१ नोव्हेंबर

तपासणी झाली. काचबिंदू. डावा डोळा परत यायचा नाही. उजवा वाचेल, डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. बस सुटली ती सुटलीच.

रिक्षातून आलो. मितू मध्ये बसली होती.

२२ नोव्हेंबर

जेवताना धम्मपालनं विचारलं, ‘सोपानरावांना कुणी सांगितलं?’

मी तोंड उघडलं. मितू आधी बोलली.

‘मी.’

त्यानं गाडीची किल्ली कपाटात टाकली, कुलूप लावलं. तिच्याकडे न बघता म्हणाला, तुझं शिकणं बंद.

मी तोंड मिटलं.