सुपारीच्या आधी

२ फेब्रु.
लॉच्या लेक्चरला मॅडमनी विचारलं, 'स्पाउस' म्हणजे नक्की कोण? आम्ही 'नवरा किंवा बायको' म्हणून मोकळे. नंतर ठाण्याच्या लायब्ररीत मोठा कोश काढला. मूळ लॅटिन. वचन देणे. म्हणजे ज्याने शब्द दिला तो. किंवा ती! बसमध्ये मानपाड्यापर्यंत तेच डोक्यात.
घरी आई: रविवारी खडवलीची माणसं माझी सुपारी फोडायला येतायत.

३ फेब्रु.
महेश चांगला आहे. दोनदा भेटलो, माझं पूर्ण ऐकून घेतलं. अडचण त्याची नाही. त्याच्या घरच्यांना लग्नानंतर लॉ नको. बाबा काकांना सांगत होते, "बी.कॉम. झाली, घरात पहिली. बस की. मी सांगतो त्यांना, सोडंल ती."
मी तिथेच होते. भाकरी करपली.

५ फेब्रु.
पुन्हा कोश. रोममध्ये मुलीच्या बापाला विचारायचे, वचन देतोस? तो म्हणायचा, देतो. मुलगी कुठे होती ते लिहिलेलं नाही.
मला माहितीये. आतल्या खोलीत. ताईच्या सुपारीला मी तिच्याजवळ बसलेले. बाहेरून "दिली?", "दिली!", मग फोडल्याचा आवाज. ताई म्हणाली, "झालं वाटतं."
महेशला फोन. "तुला तरी कोणी विचारलं का रे?"
"विचारलं ना. डीजे कुठला ते."
हसलो दोघं. मग लॉचं काढलं. "माझं काय नाय गं, पण मामांसमोर..."

६ फेब्रु.
आईला सांगितलं, रविवारी मी बाहेर बसणार.
"कशाला गो? चहा देताना दिसशीलच की."
"दिसायला नाही, बोलायला."
"बाबांचा शब्द खाली पडंल."
"आणि माझा?"
नारळ खवत राहिली. मग, "साडी कुठली नेसतेस?"

८ फेब्रु., रवि.
बाहेर एक खुर्ची जास्त होती. आईनेच मांडलेली. बसले.
महेशच्या मामांनी विचारलं, "मग, दिली मुलगी?" बाबांच्या आधी मी बोलले. लग्नाला माझा होकार आहे. लॉ सोडणार नाही. तो शब्द माझ्या वतीने कोणी देऊ नये. बोलले सगळं.
काका पुटपुटले, "वकील झालीच म्हणायची."
कोणी हसलं नाही. महेशची मान खाली. मामा उठले. "घरी विचारून सांगतो."
सुपारी ताटात अख्खी आहे. जेवताना बाबांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे एकदाही नाही.
फोन वाजतोय. महेश.