जपानी तलवार, फिरंगी तलवार आन् आबांचा पट्टा

सोमवार, ३ नोव्हेंबर

आन् परत तेच! सकाळपासनं सातव्यांदा! "नमस्कार दोस्तों, आज हम देखेंगे, जापान की कताना भारी या युरोप की तलवार भारी." अरे भारी असंल न्हाईतर हलकी असंल, माझी भाकरी करपतीय त्याचं काय? पण काठी वाजली की उठायचं. एक ठोका — पुढचं लाव. दोन ठोके — तेच परत लाव. तीन ठोके — लघवीचं भांडं दे. सासऱ्यांच्या, आबांच्या, अंगावरनं वारं गेलं त्याला पंधरा महिने झाले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. बोलणं म्हंजी नुसतं घुंघुं. काठी तेवढी धड राहिली.

मोबाईल दिला आमच्या करिश्मानं. नर्सिंगच्या होस्टेलला जाताना आपला जुना फोन आज्ज्याच्या उशाशी ठेवून गेली लेक. "आबांचा टाइमपास होईल, आई." होतोय की. माझा जीव जातोय.

आबा जत्रंजत्रंत पट्टा खेळायचे. न्हावऱ्यापासनं दौंडपर्यंत नाव होतं. पट्टा म्हंजी सरळ लांब पातं, आन् मुठीच्या जागी कोपरापर्यंत लोखंडी खोळ. हात आत घातला की घातला. मनगट वळत न्हाई. फिरवायचं ते खांद्यातनं आन् कमरंतनं. तो पट्टा पलंगासमोर भिंतीला टांगलाय. त्याच्याखाली मी बसते, भाजी निवडत. कुठं जाणार?

बुधवार, ५ नोव्हेंबर

ह्यांना म्हणलं — तोंडानं नाव घेत न्हाई, वहीत लिहिते, रोहिदास — म्हणलं, सुदर्शनभाऊजींना सांगा, दोन महिने आबांना हडपसरला न्या. हे टेंपोत झेंडूची क्रेटं चढवत होते. म्हणले, "त्यांच्याकडं लिफ्ट न्हाई."

"आबांना कुठं जिना चढायचाय? दोघं भाऊ उचला."

"अगं, तुझ्या हातची सवय लागलीया त्यांना."

आन् गेले पुण्याला मार्केटात! माणसं बघायला, चहा प्यायला. मला यवतला भाचीच्या लग्नात दोन तास मिळाले. अक्षता टाकल्या आन् जेवायच्या आधी परत. भाऊ म्हणला, "सगुणे, जिलबी तरी बांधून ने." जिलबी बांधून घेऊन आले मी एसटीत रडत.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज सांगण्यासारखं हाय! शेजारची सविता रांजणगावला कंपनीच्या कॅंटीनात हाय. तिथं पोळीच्या मशीनवर बाई पायजे. "वहिनी, तुमच्या हाताला वेग हाय. या सोमवारी सुपरवायझरला भेटा. नऊची गाडी हाय फाट्यावरनं."

कंपनीची गाडी. खिडकीची शीट. दोनशे माणसं जेवायला, आन् एकालाबी भरवायचं न्हाई!

ह्यांना सांगितलं न्हाई. करिश्माला न्हाई. सवितालाबी तोंड बंद ठेवायला सांगितलं. सोमवारी नऊच्या आत आबांचं सगळं उरकायचं, पेज पाजायची, ते झोपले की निघायचं. दोन तासांत परत. हे इथंच लिहिते. वही ज्वारीच्या डब्यामागं असती, तिकडं कोण फिरकतंय?

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज वैतागून मीच बसून बघितलं.

जपानी माणूस गुडघ्यावर बसतो. निवांत. तलवार म्यानात, हात मांडीवर. बसलेला माणूस काय करणार, असं वाटतं. तवर समोरच्याचं झालेलं असतं! उठताना काढली का काढताना उठला तेच कळत न्हाई. ढाल न्हाई, काय न्हाई. दोन्ही हात मुठीवर.

युरोपातला गडी येगळा. सरळ तलवार, दोन्हीकडनं धार. पण समोरचा नखशिखांत लोखंडात, त्याला कापणार काय? मग हा तलवार उलटी धरतो. पात्याला हात! आन् मुठीनं टाळकं फोडतो. मी विळीचं पातं धरून लाकडानं कांदा फोडावा तसं. पण बरोबर हाय त्याचं. नुस्त्या धारंनं सगळ्या ठिकाणी भागत न्हाई.

पुढं त्यानं दाखवलं — लोकांना वाटतं, असा लोखंडातला माणूस खाली पडला की त्याला उठता येत न्हाई. खोटं! एक गोरा सगळं चिलखत घालून भुईवर उताणा झोपला आन् टुणकन उठून पळाला. आबा हसले. पंधरा महिन्यांत असे हसले न्हवते. पेज नाकात गेली. ठक ठक. परत लाव. चार वेळा लावलं ते!

सोमवार, १० नोव्हेंबर

गेली गाडी.

आठला सगळं उरकलं होतं. निळं पातळ नेसले. नऊला दहा कमी होते, चपलेत पाय घातला आन् आत धाडकन आवाज. आबा पलंगाखाली. डोळे पांढरे. मी एकटी बाई, कसं उचललं मलाच ठावं. डॉक्टर येऊन गेला, म्हणला बीपी चांगलं हाय, काय लागलं न्हाई. पंधरा महिन्यांत एकदा पडला न्हाई हा माणूस, आन् पडला तो आजच. नऊला दहा कमी असताना.

नशीब म्हणायचं, दुसरं काय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सविता येऊन गेली. सुपरवायझर म्हणला, चोवीस तारखेच्या सोमवारी या, त्यानंतर दुसरी बाई घेणार. ती गेल्यावर दहादा दार उघडून रस्ता बघितला. उगीच.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पट्टा चमकतोय. दसऱ्याला मीच पुसला होता, पण एवढा न्हाई. ह्यांना इचारलं, "तुम्ही तेल लावलं का?" म्हणले, "मला डोकं खाजवायला येळ न्हाई, पट्टा कुठला पुसतोय!" माझी खोबरेलाची बाटली अर्धी झालीया. आन् फोन दारापाशी चार्जिंगला. मीच लावला असंल. माझं डोकं ठिकाणावर न्हाई आजकाल.

पट्ट्याचं पातं फिरंगी हाय, असं आबा सांगायचे. गोऱ्यांच्या मुलखातनं आलेलं, खोळ आपल्याकडची. खरं खोटं देव जाणे. पण व्हिडिओतल्या सरळ तलवारीशी मिळवून बघितलं. तसंच दिसतंय. मधी तशीच पन्हळ.

ह्या पट्ट्यानं आबा लिंबू कापायचे. लिंबू कुणाच्या हातावर? आत्याबाईंच्या! माझ्या सासूच्या, रंगुबाईच्या. तळहात पुढं करून उभं राहायचं. वरनं पट्टा यायचा, लिंबाच्या दोन फोडी, हाताला ओरखडा न्हाई. लोक टाळ्या वाजवायचे, फेटा आबांना. मी नवी नवरी होते तवा इचारलं, "आत्याबाई, भ्या न्हाई वाटत?" त्या भांडी घासत होत्या. म्हणल्या, "पट्ट्याचं भ्या न्हाई गं. त्यांचा हात चुकत न्हाई. पर हलायचं न्हाई ना! नाकावर माशी बसली तरी हलायचं न्हाई. त्याचा वैताग येतो." वीस वरसं धरलं लिंबू त्या बाईनं.

रविवार, १६ नोव्हेंबर

सुदर्शनभाऊजी आले होते. बापाला बघायला म्हणून आले आन् मेथीच्या चार जुड्या घेऊन गेले. आबांचा फोन बघून म्हणले, "वहिनी, कतानाला जगात तोड नाही बरं का. एका घावात माणूस उभा चिरतो!"

म्हणलं, "लोखंडातला न्हाई चिरत. पातं खराब होतं. त्यांच्याकडं लोखंडच बेताचं, म्हणून घड्या घालून घालून ठोकतात. धारंची बाजू कडक ठेवतात, पाठ मऊ. मऊ पाठ न्हाई ठेवली तर मोडंल."

भाऊजींचा चहा हातातच राहिला. "तुम्ही कधीपासून हे?"

"पंधरा महिन्यांपासनं. तुम्ही पंधरा दिवस न्या आबांना, तुम्हालाबी येईल."

हे खाली बघून हसले. भाऊजी न्हाई हसले. म्हणले, "वहिनी, तुमच्यासारखं आबांचं कुणी करणार नाही हो. त्यांच्या डोळ्यांत दिसतंय." आबांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. डोळ्यांत पाणी आणलं की संपलं! मग सून वाईट.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

भाकरी मागनं, आधी हे लिहिते.

दळण घेऊन निघाले. गिरणीची लाइट गेलेली. डबा तसाच घेऊन मागारी आले, गोठ्याकडनं. खिडकीतनं आत बघितलं.

आबा उभे.

उभे! भुईवर, दोन्ही पायांवर. उजव्या हातात पट्टा, कोपरापर्यंत. त्याच मेलेल्या हातात! फोन तांब्याला टेकवून ठेवलेला, त्यात तो जपानी. आबा सावकाश फिरत होते. पट्टा डोक्यावरनं, मग कमरंपाशी, पाय असा ओढून. हळू, पण चुकत न्हवतं. आन् फोनमधल्या माणसाला बोलत होते, चांगलं, सुटं, खणखणीत —

"मनगटावर काय खेळतो रं? कंबर फिरव, कंबर!"

मी डबा धरून गोठ्यात उभी. गाय माझ्याकडं बघतीय. हसू का बोंब मारू? मग मागं फिरले, फाटक जोरात आपटलं, खोकले. आत आले तर आबा पलंगावर. तोंड वाकडं. कपाळावर घाम. पट्टा खिळ्याला, अजून हलत होता.

ठक ठक. परत लाव.

लावलं मी! काय करणार? भांडंबी दिलं. पण भांडं देताना डोकं चालू झालं. दहा तारखेला नऊला दहा कमी असताना पडले. मी निघणार हे सविताशिवाय कुणाला म्हाईत न्हवतं. आन् सविता ह्या घरात आतापर्यंत कवा आबांपाशी बसली न्हाई. बाकी सांगितलं ते फक्त वहीला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

वही काढली. सहा तारखेचं पान. "नऊची गाडी" लिहिलंय तिथं तेलाचा अंगठा उठलाय. पलीकडची अक्षरं दिसत्यात त्यातनं. खोबरेल.

तर आबा, आता तुमच्याशीच बोलते. तुम्ही वाचणारच हे. मी दळणाला जातीय, निवांत वाचा. मी आत्याबाई न्हाई, लिंबू खाली ठेवलंय. एकट्याचं भ्या वाटत असंल तर तसं लिहा, मी हसणार न्हाई. पण सोमवारी नऊच्या गाडीत मी बसणार. रविवारी तुमची दोन्ही पोरं जेवायला बोलावल्यात. त्यांच्यासमोर तुम्ही आपल्या पायानं उभं राहताय, का खिडकीतनं बघितलं ते मी सांगू? शनिवारपर्यंत इथंच खाली उत्तर द्या. पेन मधी ठेवलाय.

उजव्या हातानं लिहा.