शेवेलला ब्रेक बूस्टर बसवला आहे

अब्बा,

हुफूफच्या वर्कशॉपमधून तुमची शेवेल गाडी मीच चालवत आणली आणि खाली लावली आहे. तुम्ही नको म्हणालात, तरी ब्रेकला बूस्टर बसवून घेतला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुमच्या पायाला तो जड ब्रेक झेपत नाही. मंगळवारी सिग्नलला गाडी पुढच्या खजुराच्या ट्रकला टेकता टेकता राहिली. मी शेजारीच बसले होते.

"या गाडीला हात लावायचा तर मी मेल्यावर," असं तुम्ही म्हणालात. तेवढं थांबायची माझी तयारी नाही.

ब्रेकचे ड्रम तुमचे जुनेच आहेत. वर्कशॉपच्या तौकीरचाचांनी चारही उघडून ॲडजस्ट केले. आता सवयीने लाथ घातलीत तर चाकं जाम होतील, म्हणून पाय नुसता टेकवा. इंजिन बंद पडलं तर ब्रेक पहिल्यासारखा जड होईल. आधी मागच्या मैदानात चार फेऱ्या मारा.

किल्ली चिठ्ठीखाली आहे. अम्मीवर चिडू नका, तिला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्यावर ओरडायचं असेल तर फोनवर नको. अडीचला माझी हॉस्पिटलची ड्यूटी संपते. गाडी घेऊन या आणि समोर ओरडा.

मेहेक